माझे रेणू जिवाणू मारत नाहीत, पीएचडी सोडू का?

एका विद्यार्थिनीचं पत्र, ओळख पटू नये म्हणून थोडक्यात:

मी रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे, चौथं वर्ष अर्धं झालं. मूत्रमार्गाच्या संसर्गातल्या ई. कोलाय जिवाणूला रोखणारे मॅनोज या साखरेचे रेणू बनवायचे, असा विषय आहे. सात मॅनोसाइड (मॅनोजला दुसरा गट जोडलेले रेणू) तयार केले आणि जवळच्या कॉलेजातल्या मायक्रोबायॉलॉजी विभागाला तपासायला दिले. रिपोर्ट आला: डिस्कभोवती झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) नाही, एमआयसी (वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) ५१२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्याही वर. सर म्हणतात, एकाच रेणूवर चार मॅनोज लाव, अ‍ॅक्टिव्हिटी येईल. त्यासाठी पेंटाएरिथ्रिटॉल या छोट्या रेणूच्या चारही ओएचवर ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिमिडेट डोनरने (साखर देणाऱ्या रेणूने) एकदम ग्लायकोसिलेशन, म्हणजे साखरेची जोडणी, करते आहे. यील्ड २० टक्क्यांवर अडकलाय आणि टीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) चार-पाच स्पॉट दिसतात. नात्यातले एक डॉक्टर म्हणाले, मॅनोजच्या पुड्यांची मोठी चाचणी नुकतीच फसली, मग तू कशावर काम करते आहेस? फेलोशिपचं दीड वर्ष उरलंय. बाकीचा प्रबंध डॉकिंगवर (संगणकावर रेणू प्रथिनात बसवून पाहण्यावर) काढावा, की सगळं सोडून कंपनीत नोकरी धरावी?

उत्तर:

तुमच्या रिपोर्टमध्ये तुमच्या रेणूंविरुद्ध एक अक्षरही नाही. त्यांना जो प्रश्न विचारला गेला, त्याचं उत्तर द्यायला ते बनवलेलेच नव्हते. नोकरीचा विचार शेवटी करू, कारण सोडायचं असलं तरी कशामुळे सोडतोय हे नीट माहीत असावं.

ई. कोलायच्या अंगावर टाइप-१ पिलाय नावाचे केसासारखे तंतू असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला फिमएच हे प्रथिन. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर युरोप्लाकिन-१ए नावाचं प्रथिन आहे, त्यावर मॅनोजच्या साखळ्या असतात. फिमएच त्या मॅनोजला धरतं आणि जिवाणू तिथे टिकतो. शेतातून चालताना कपड्यांना कुसळं चिकटतात, तसाच प्रकार. तुमचा मॅनोसाइड फिमएचच्या खोबणीत जाऊन बसतो. जिवाणू मरत नाही, त्याची वाढही थांबत नाही. त्याला फक्त पकड मिळत नाही आणि तो लघवीवाटे निघून जातो.

आता एमआयसी काय मोजते ते पाहा. म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये दर मिलिलिटरला साधारण ५ लाख जिवाणू सोडायचे, १६ ते २० तास ३५ अंशांवर ठेवायचे आणि गढूळपणा कोणत्या मात्रेला थांबतो ते बघायचं. त्या विहिरीत चिकटायला काही नाहीच. पकड सुटलेला जिवाणू तिथे मजेत वाढणार. डिस्कचंही तेच.

हा तक्ता मात्र जपून ठेवा. पुढे तुम्ही ‘चिकटणं कमी झालं’ असं लिहाल, तेव्हा परीक्षक पहिली शंका काढणार की जिवाणू मेले म्हणून तर चिकटले नाहीत ना? तिचं उत्तर याच तक्त्यात आहे. वाढीवर परिणाम नाही, म्हणजे जिवाणूंमध्ये औषधांविरुद्ध प्रतिकार वाढवणारा दाबही कमी, हा या क्षेत्राचा मूळ युक्तिवाद आहे. तुमचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट त्या युक्तिवादाचा अर्धा भाग आहे.

राहिलेला अर्धा भाग मिळवण्यासाठी महागडं काही लागत नाही. पण एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते: जिवाणूंवर पिलाय असतातच असं नाही. त्यांचं जनुकीय बटण चालू-बंद होत राहतं. शेकरवर हलवत वाढवलेल्या किंवा अगार प्लेटवरून थेट उचललेल्या ई. कोलायमध्ये बहुतेक पेशी बोडक्या असतात. आणि मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये कल्चर म्हटलं की ते शेकरवर जातं, ही हाताची सवय. म्हणून त्यांना स्पष्ट सांगा: एलबी ब्रॉथ, ३७ अंश, अजिबात न हलवता २४ तास, त्यातलं थोडं नव्या ब्रॉथमध्ये घालून पुन्हा न हलवता २४ तास. दोन पास झाल्यावर पिलाय असलेल्या पेशींचं प्रमाण चांगलं वाढतं. नंतर हळू सेंट्रिफ्यूज करा आणि हलक्या हाताने पीबीएस या खारट बफरमध्ये मिसळा. जोरात व्हॉर्टेक्स केलं तर तंतू तुटतात.

पिलाय आले की नाही हे बघायला बेकरीचं साधं यीस्ट पुरतं, कारण त्याच्या भिंतीवर मॅनन, म्हणजे मॅनोजची लांब साखळी, असतं. पीबीएसमध्ये धुतलेल्या यीस्टचं १ ते २ टक्क्यांचं मिश्रण करा. काचपट्टीवर त्याचा एक थेंब, शेजारी जिवाणूंच्या घट्ट मिश्रणाचा एक थेंब, एकत्र करून पट्टी हळूहळू डोलवा. पिलाय असतील तर मिनिट-दोन मिनिटांत दह्यासारख्या गुठळ्या दिसतात. हाच प्रयोग २ टक्के मॅनोज घालून केला की गुठळ्या व्हायला नकोत. मॅनोज असूनही झाल्या, तर तुमच्या आयसोलेटवर दुसऱ्या प्रकारचे पिलाय आहेत आणि तो या कामाचा नाही. फिमएच काढून टाकलेला म्यूटंट कुणाकडून मिळाला तर निगेटिव्ह कंट्रोल म्हणून सोन्याहून पिवळं.

काचपट्टीवर जमलं की ९६ विहिरींच्या प्लेटवर जा. आधी जिवाणू दुप्पट-दुप्पट विरळ करत गुठळी देणारी सर्वांत कमी मात्रा शोधा आणि तिच्या चौपट मात्रा कायम ठेवा. मग तुमचे रेणू दुप्पट-दुप्पट विरळ करत त्यात घाला, दहा मिनिटं थांबा, यीस्ट टाका. ज्या सर्वांत कमी मात्रेला गुठळी होत नाही, तो तुमचा आकडा. गिनीपिगच्या रक्तपेशी वापरणं ही जुनी रीत आहे, पण त्यासाठी प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, यीस्टवरच राहा.

दोन संदर्भ रेणू प्रत्येक प्लेटवर हवेतच. मिथिल अल्फा-मॅनोसाइड विकत मिळतो. त्याची सुरुवात १० मिलिमोलरच्या वर करा आणि त्याची ताकद १ धरा. दुसरा हेप्टिल मॅनोसाइड, तो तुम्ही आठवड्यात बनवाल. मॅनोज पेंटाअ‍ॅसिटेट, दीड ते दोन इक्विव्हॅलंट हेप्टॅनॉल, कोरडं डीसीएम (डायक्लोरोमिथेन), शून्य अंशावर बोरॉन ट्रायफ्लोराइड इथरेट ३ ते ५ इक्विव्हॅलंट, मग रात्रभर खोलीच्या तापमानाला. यात एखादा अ‍ॅसिटिल गट गळतो आणि टीएलसीवर खाली शेपूट दिसतं. घाबरू नका. क्रूड पुन्हा अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड आणि पिरिडिनमध्ये अ‍ॅसिटिलेट करा आणि मगच कॉलम टाका. उरलेल्या हेप्टॅनॉलचाही अ‍ॅसिटेट होऊन तो पुढे निघून जातो. शेवटी मिथेनॉलमध्ये चिमूटभर सोडियम मिथॉक्साइड, आणि अँबरलाइट आयआर-१२० ने न्यूट्रल.

हाच रेणू का, ते सांगतो, कारण सरांच्या चार मॅनोजच्या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत फिमएचसाठी साध्या मॅनोजचा विघटन स्थिरांक (जितका कमी, तितकी पकड घट्ट) सुमारे २.३ मायक्रोमोलर आला, ब्यूटिल मॅनोसाइडचा ०.१५ मायक्रोमोलर आणि हेप्टिलचा ५ नॅनोमोलर, म्हणजे ०.००५ मायक्रोमोलर. मॅनोज एकच. फक्त सात कार्बनांची शेपटी लावल्याने पकड चारशेपटीहून जास्त वाढली. खोबणीच्या तोंडाशी टायरोसिन ४८ आणि टायरोसिन १३७ अशी दोन अमिनो आम्लं आहेत. शेपटी त्यांच्यामध्ये घट्ट बसते. म्हणून बाय-फिनाइल मॅनोसाइडही इतके चांगले निघाले.

आता चार हातांचं गणित. जास्त साखरा म्हणजे जास्त पकड हे काही प्रथिनांबाबत अगदी खरं आहे. स्यूडोमोनास या जिवाणूच्या लेकए प्रथिनाचे चार भाग असतात आणि शेजारच्या दोन खोबणींतलं अंतर जेमतेम अडीच-तीन नॅनोमीटर. बेताच्या लांबीचा पूल बांधला की एक रेणू दोन्ही खोबणी पकडतो आणि ताकद प्रचंड वाढते. फिमएच तसं नाही. एका तंतूच्या टोकाला एकच खोबण, आणि दोन तंतूंची टोकं तुमच्या पेंटाएरिथ्रिटॉलच्या हातांना सहसा पुरणार नाहीत इतकी लांब. त्यामुळे चार मॅनोजच्या रेणूला मिळणारा फायदा बराचसा संख्येचा असतो: कोणता ना कोणता मॅनोज जवळ असतो इतकंच. कधी हे रेणू दोन जिवाणूंना एकमेकांत गुंतवतात आणि प्लेटवर आकडा फुगलेला दिसतो.

म्हणून आकडा नेहमी मॅनोजच्या संख्येने भागून लिहा. चार मॅनोजचा रेणू चौपट ताकदीचा निघाला, तर तुमच्या हाती नवीन काही लागलेलं नाही. आणि त्याच्याबरोबर त्याच हाताचा, त्याच जोडणीचा पण एकाच मॅनोजचा रेणू बनवायलाच हवा. तो नसेल तर फायदा चार साखरांचा की हाताच्या रसायनाचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. सरांची सूचना झिडकारू नका. एक टेट्राव्हॅलंट (चार मॅनोजचा) आणि त्याचा एक मोनोव्हॅलंट (एका मॅनोजचा) जोडीदार, एवढं केलं तर ते एक प्रकरण होतं. दहा टेट्राव्हॅलंट केले तरी तेवढंच होणार.

आणि तो २० टक्के यील्ड. चार बंध एकाच भांड्यात करताय, तेव्हा २० टक्के म्हणजे प्रत्येक बंधाला सुमारे ६७ टक्के (०.६७ चा चौथा घात करून पाहा). हात तितका वाईट नाही. पण ही वाटच सोयीची नाही. पेंटाएरिथ्रिटॉल डीसीएममध्ये जवळजवळ विरघळत नाही. तुमचा अ‍ॅक्सेप्टर (साखर घेणारा रेणू) तळाशी बसून राहतो आणि डोनर वाट बघत मरतो. ते चार-पाच स्पॉट बहुधा एक, दोन, तीन साखरा लागलेले रेणू आणि मेलेला डोनर.

मेलेला डोनर कशाने मेला हे ओळखता येतं. खाली जाड स्पॉट आणि त्याचा लॅक्टॉल (पाण्याने तुटलेला डोनर) निघाला, तर पाणी शिरलंय: ४ अँगस्ट्रॉमचे सीव्ह्ज (पाणी शोषणारे मणी) वापराआधी व्हॅक्यूमखाली ३०० अंशांच्या आसपास कोरडे केले का? ओव्हनमधून काढलेले सीव्ह्ज कोरडे नसतात. ट्रायक्लोरोअ‍ॅसिटामाइड साखरेवर उलटून बसलेला दिसला, तर अ‍ॅक्सेप्टर फार मंद आहे. आणि प्रोटॉन एनएमआरमध्ये १.७ पीपीएमच्या जवळ एकटा मिथिल सिंगलेट आणि कार्बनमध्ये १२४ च्या आसपास चतुर्थक कार्बन दिसला, तर तो ऑर्थोएस्टर, म्हणजे भलत्याच जागी जोडणी झालेला रेणू. २-अ‍ॅसिटिल मॅनोज डोनरचा हा जुना रोग. टीएमएसओटीएफ (रिअ‍ॅक्शन चालवणारं आम्ल) ०.१ इक्विव्हॅलंट असेल तर थोडं वाढवून रिअ‍ॅक्शन शून्यापर्यंत चढू द्या, बऱ्याचदा ऑर्थोएस्टर मोडून हवा तो अल्फा मिळतो. नाहीतर २ नंबरला बेंझॉइल ठेवा.

अल्फा-बीटा, म्हणजे साखरेचा बंध कोणत्या बाजूला आहे हे, ठरवताना एच१-एच२ कपलिंगवर विसंबू नका. ग्लुकोजमध्ये ते चालतं. मॅनोजमध्ये दोन्ही बाजूंनी ते एक-दोन हर्ट्झच असतं. कार्बन-प्रोटॉन एक-बंध कपलिंग घ्या: १७० हर्ट्झच्या आसपास अल्फा, १६० च्या आसपास बीटा. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न ठरलेला.

सोयीची वाट अशी: ग्लायकोसिलेशन एकदाच करा, ब्रोमोइथॅनॉलवर. ब्रोमाइडच्या जागी सोडियम अझाइडने अझाइड आणा. पेंटाएरिथ्रिटॉलला चार प्रोपार्जिल लावा आणि तांब्याच्या क्लिकने (अझाइड आणि प्रोपार्जिल जोडणाऱ्या रिअ‍ॅक्शनने) चारही हात जोडा. मोनोव्हॅलंट जोडीदार त्याच अझाइडमधून एका दिवसात होतो. दोन धोके मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळा. अझाइडची रिअ‍ॅक्शन डीएमएफ या द्रावकात करा आणि वर्कअपलाही डीसीएम वापरू नका, इथिल अ‍ॅसिटेट वापरा; सोडियम अझाइड आणि डीसीएमपासून स्फोटक डायअझिडोमिथेन होतो. ही रिअ‍ॅक्शन अ‍ॅसिडमध्येही ओतायची नाही, हायड्रॅझोइक आम्ल सुटतं. दुसरा धोका तांब्याचा. क्लिकनंतर रेणूत तांबं राहिलं तर ते जिवाणू मारतं आणि तुम्हाला अचानक सुंदर ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ दिसते. पावडरीला निळसर-हिरवट झाक असेल तर ती प्लेटवर जाता कामा नये. अ‍ॅसिटिल गट असतानाच तांबं पकडणाऱ्या ईडीटीएच्या पाण्याने धुवा, गट काढल्यावर चेलेक्सच्या (धातू पकडणाऱ्या रेझिनच्या) छोट्या कॉलममधून काढा.

गट काढलेले रेणू हवेतलं पाणी ओढतात. वजनावरून मोलॅरिटी काढली तर १० ते १५ टक्के सहज चुकते. लायोफिलाइझ करा आणि मॅलेइक आम्ल संदर्भ धरून एनएमआरने खरी मात्रा मोजा. पाण्यात न विरघळणाऱ्या रेणूंना डीएमएसओ हे द्रावक लागेल; शेवटच्या विहिरीत तो १ टक्क्याच्या आत ठेवा आणि नुसत्या डीएमएसओची एक रांग लावा.

तुमच्या डॉक्टर नातेवाइकांचा मुद्दा खरा आहे आणि तो प्रबंधाच्या प्रस्तावनेत यायलाच हवा. ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांवर ही चाचणी झाली: रोज २ ग्रॅम डी-मॅनोज, सहा महिने. वारंवार होणारा संसर्ग त्याने कमी झाला नाही. निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्यातून सिद्ध काय झालं? मायक्रोमोलर पकडीची साधी साखर तोंडाने दिली तर पुरत नाही, एवढंच. नॅनोमोलर पकडीच्या मॅनोसाइडबद्दल ती चाचणी काही सांगत नाही. अर्थात उलट बाजूही तितकीच खरी: फिमएच रोखणारं एकही औषध अजून बाजारात आलेलं नाही. ‘औषध सापडलं’ असं वाक्य तुम्ही लिहू नका आणि सरांनाही लिहू देऊ नका. शिवाय ५ नॅनोमोलर हा आकडा फिमएचच्या सुट्या तुकड्यावरचा आहे. पूर्ण प्रथिनात पकड बरीच सैल असते. म्हणून प्लेटवरचे आकडे त्याच्याशी नाही, तुमच्याच मिथिल मॅनोसाइडशी ताडून पाहा.

डॉकिंगचं थोडक्यात. ब्यूटिल मॅनोसाइडसह फिमएचची रचना पीडीबी या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहात १यूडब्ल्यूएफ क्रमांकाने उपलब्ध आहे, तुमचे सात रेणू त्यात बसवून चित्र काढा. पण टायरोसिनचं ते दार हलतं आणि साखरेच्या ओएचभोवतालच्या पाण्याचा हिशेब डॉकिंगला धड जमत नाही, त्यामुळे सात रेणूंचा क्रम ते विश्वासाने लावणार नाही. प्रयोगाच्या जोडीला दोन पानं ठीक. त्याच्या जिवावर प्रबंध उभा करायचा म्हणजे आज टाळलेले प्रश्न तोंडी परीक्षेत ऐकून घ्यायचे.

नोकरीबद्दल मी तुम्हाला अडवणार नाही. फक्त एक गृहीतक तपासा: शर्करेचं रसायन आलं म्हणजे फक्त अ‍ॅकॅडेमिक दार उघडतं, असं तुम्हाला वाटतंय का? जिवाणूंच्या आवरणातल्या शर्करेला प्रथिन जोडून बनवलेल्या कॉन्ज्युगेट लसी आपल्याकडेच बनतात. २०१० मध्ये आफ्रिकेत मेनिंजायटिस-ए विरुद्ध वापरात आलेली मेनआफ्रिव्हॅक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, आणि हैदराबादच्या भारत बायोटेकच्या टायफॉइड कॉन्ज्युगेट लसीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता २०१७ मध्ये मिळाली. अशा ठिकाणी पॉलिसॅकराइडचं एनएमआर वाचणारी, अ‍ॅसिटिल गट गळाला की नाही हे ओळखणारी माणसं लागतात. तुम्ही रोज तेच करताय. अर्ज आत्ताही करा, पण बायोडेटात ‘ऑरगॅनिक केमिस्ट्री’ एवढंच लिहून मोकळ्या होऊ नका.

वेळेचा हिशेबही तुम्ही आहे त्याहून कडक लावलाय. फेलोशिप पाच वर्षांत संपते, नोंदणी नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला सहा वर्षांची मुदत आहे आणि स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत. प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्तीही त्यात राहिलेली नाही, पण तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, ते पीएचडी विभागात लेखी विचारा.

सरांकडे ‘मला चार मॅनोज करायचे नाहीत’ असं म्हणत जाऊ नका. एक पान घेऊन जा: सात रेणू, दोन संदर्भ रेणू, यीस्टची प्लेट, एमआयसीचा तक्ता कंट्रोल म्हणून, आणि क्लिकच्या वाटेने एक टेट्रा व एक मोनो. तीन महिने मागा. तीन महिन्यांनी आकडे आले तर हेच पान रिसर्च अ‍ॅडव्हायझरी कमिटीपुढे ठेवा. पिलाय तपासलेले आणि मॅनोजने रोखले जाणारे जिवाणू वापरूनही सातांपैकी एकही रेणू मिथिल मॅनोसाइडच्या पुढे गेला नाही, तर सोडायचा विचार तेव्हा करा; तो निर्णय तेव्हा माहितीवर उभा असेल. आणि तसं झालं तरी शेपटीची रचना बदलल्याने पकड का वाढली नाही, हे नीट लिहिलेलं प्रकरण परीक्षकांना चालतं.

मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमना या वेळी नमुन्यांबरोबर कल्चरची पद्धत लिहून द्या, एकदा स्वतः जाऊन त्यांच्यासोबत काचपट्टीचा प्रयोग करा, आणि पेपरवर त्यांचं नाव कुठे असेल हे नमुने द्यायच्या आधीच सरांसमोर बोलून घ्या. प्रत्येक रेणूचे २ मिलिग्रॅम मात्र तुमच्याच फ्रीजरमध्ये, नाव-तारीख लिहून, मागे ठेवा.